दुसऱ्या टोकाच्या एकवीस धावा

मालवणच्या किनाऱ्यावर मे महिना दोन गोष्टींचा. घरी आलेल्या चाकरमान्यांचा आणि क्रिकेटच्या स्पर्धांचा. ओहोटी लागली, पाणी मागे सरले की ओली वाळू फरशीसारखी घट्ट बसते. मग समोर सिंधुदुर्ग किल्ला, मागे माडांची रांग आणि मध्ये टेनिसचा चेंडू घेऊन धावणारी पोरे, असे चित्र संध्याकाळपर्यंत हलत नाही. माझे उभे आयुष्य हे चित्र बघण्यात गेले. तरुणपणी त्यात मीही होतो. त्याबद्दल पुढे सांगेनच.

गेल्या मे महिन्यात माझ्या थोरल्या भावाचा नातू असाच एक अंतिम सामना हरून घरी आला. वय वर्षे एकोणीस. आमच्या वाडीच्या संघाचा कप्तान तोच आणि खरा फलंदाजही तोच. संघाच्या धावांपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या एकट्याच्या होत्या. बाकीचे आले आणि गेले. शेजारच्या तालुक्यातल्या एका बलाढ्य संघाने त्याला बोलावणे धाडले होते. बॅट पडवीत टाकून तो माझ्या शेजारी बसला. आजो, मी एकट्यान किती वडूचां, एवढाच त्याचा सवाल होता. ह्या पोरांमुळे आपला खेळ खुंटतो आहे, चांगल्या संघात असतो तर आपण कुठच्या कुठे गेलो असतो, असे त्याच्या मनाने घेतले होते.

मी लगेच उत्तर दिले नाही. या सवालाचा आमच्या घराशी जुना संबंध आहे. माझ्या वडिलांनी तो आम्हा दोघा भावांना लहानपणी घातला होता, तोही एका थोर क्रिकेटपटूचे नाव घेऊन. ते नाव विजय हजारे. आजच्या मुलांना हे नाव एकदिवसीय सामन्यांच्या एका करंडकापुरते ठाऊक असते. त्या नावामागचा माणूस मात्र विस्मृतीत गेला आहे. नातवाला त्या रात्री मी त्यांचीच कहाणी सांगितली. ती आज इथे थोडी सविस्तर सांगतो.

सांगलीचा मुलगा

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत झाला. घर मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे, वडील शिक्षक. पैसाअडका बेताचाच. स्वभावाने मुलगा अबोल, भिडस्त. मैदानावर बॅट आणि चेंडू दोन्ही हातात घेणारा, म्हणजे फलंदाजीइतकीच मध्यमगती गोलंदाजीही करणारा.

त्यांची उभे राहण्याची पद्धत जगावेगळी होती. दोन्ही पॅडच्या मध्ये बॅट धरून ते उभे राहत. पुस्तकात बसणारी ही गोष्ट नव्हे. १९३० नंतरच्या दशकात जतच्या राजेसाहेबांनी ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांना शिकवायला आणले होते. ग्रिमेट यांनी या तरुणाचा खेळ बघितला आणि त्या उभे राहण्याला हात लावला नाही. चांगला गुरू काय बदलावे हे जाणतो, तसेच काय बदलू नये हेही जाणतो. त्या एका निर्णयाने पुढचे हजारे वाचले, असे म्हणायला हरकत नाही.

१९३९-४० च्या हंगामात प्रा. दि. ब. देवधर यांच्या महाराष्ट्र संघाकडून खेळताना पुण्यात त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. त्या वर्षी करंडकही महाराष्ट्राकडे आला. म्हणजे चांगल्या संघात, चांगल्या कप्तानाच्या हाताखाली खेळायचे सुख हजाऱ्यांनी सुरुवातीलाच अनुभवले होते. पुढे पोटापाण्यासाठी ते त्याच बडोदा संस्थानच्या सेवेत गेले आणि बडोद्याकडून खेळू लागले. त्या काळी क्रिकेटवर घर चालत नसे. संस्थानिकाची नोकरी हाच खेळाडूंचा आधार होता.

ब्रेबर्नवरचा डिसेंबर

वडील ज्या सामन्याची गोष्ट सांगत, तो १९४३ सालच्या डिसेंबरातला. त्या वेळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्मावर आणि जातकुळीवर बेतलेले संघ. १९३७ साली त्यांत पाचवा संघ आला, त्याचे नाव शेष. जे वरच्या चारांत बसत नाहीत ते सारे या संघात. देशी ख्रिस्ती, अँग्लो इंडियन, ज्यू वगैरे. खेळाडूंची अशी धर्मवार वाटणी अनेक सुजाणांना खटकत होती आणि १९४६ नंतर ती बंदच पडली. ते योग्यच झाले. पण तोपर्यंत ब्रेबर्न स्टेडियम या सामन्यांना तुडुंब भरे.

हजारे ख्रिस्ती, म्हणून शेष संघात. हिंदू संघाला निवडीसाठी अवघा समाज मोकळा होता. शेष संघाला मूठभर माणसांतून अकरा जण उभे करायचे होते. हजाऱ्यांचे दुखणे इथूनच सुरू होते. त्या वर्षी मुस्लिम संघाविरुद्ध त्यांनी २४८ धावा काढून शेष संघाला पुढे नेले आणि गाठ पडली ती अंतिम सामन्यात हिंदू संघाशी, म्हणजे विजय मर्चंट यांच्याशी. मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. शेष संघ १३३ धावांत आटोपला. त्यांतल्या ५९ हजाऱ्यांच्या होत्या. फॉलोऑन मिळाला.

माझे वडील तेव्हा मुंबईत नोकरीला होते. गिरगावातल्या एका खोलीत दहाबारा जणांच्या गर्दीत राहून ते गावी पैसे पाठवत. त्या सामन्याचा एक दिवस त्यांनी स्वस्तातले तिकीट काढून पाहिला होता. आयुष्यातली त्यांची तेवढीच चैन.

दुसऱ्या डावात शेष संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांत विजय हजारे ३०९. उरलेले दहा खेळाडू आणि अवांतर धावा मिळून ७८. इतके करूनही शेष संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. कुचकामी साथीदारांच्या ओझ्याखाली एखादा चांगला खेळाडू कसा दबतो, याचे याहून ढळढळीत उदाहरण मला तरी माहीत नाही. नातवाचे डोळे इथे चमकले. त्याला हवे तेच मी सांगत होतो.

पण वडील गोष्ट इथे संपवत नसत. त्यांची गोष्ट इथून सुरू होई. निम्मा संघ बाद झाल्यावर हजाऱ्यांना साथ द्यायला आला त्यांचा धाकटा भाऊ विवेक. दोघांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी केली. त्या तीनशेंत विवेकच्या धावा होत्या २१. धावफलकावर पाहिले तर हा आकडा हसण्यावारी नेण्याजोगा. वडील म्हणत की त्या एकवीस धावा नीट वाचा. तो मुलगा तासन्‌तास एका टोकाला उभा राहिला. आपल्याला फटके मारता येत नाहीत हे त्याला ठाऊक होते आणि आपला भाऊ मारू शकतो हेही ठाऊक होते. तो बाद झाला असता तर तीनशे नऊ कुठून आले असते?

आमच्याकडच्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. रापण ओढताना दोरीवर सारेच काही पहिलवान नसतात. म्हातारे असतात, मिसरूड न फुटलेली पोरे असतात. पण दोन्ही बाजूंच्या दोऱ्या सारख्या यायला लागतात. एका बाजूने हात सोडले तर जाळे तिरके होते आणि मासळी निसटते. म्हणून तर दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो.

एकटा आणि दुकटा

दुसऱ्या महायुद्धाने हजाऱ्यांची उमेदीची वर्षे खाल्ली. पहिला कसोटी सामना ते १९४६ साली लॉर्ड्‌सवर खेळले तेव्हा वय ३१ झाले होते. पण युद्ध संपल्यावर आणखी एक गोष्ट घडली, जी या चर्चेत विसरून चालणार नाही. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याकडून खेळताना हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही गड्यासाठी ही जगातली सर्वांत मोठी भागीदारी ठरली आणि २००६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, ती कोणाला मोडता आली नाही. बडोद्याने तो सामना एका डावाने जिंकला.

आता ही दोन खेळी शेजारी ठेवून पाहा. एकवीस धावांच्या साथीदाराबरोबर ३०९. तीनशे एकोणीस धावांच्या साथीदाराबरोबर २८८. हजाऱ्यांच्या बॅटला जणू फरकच पडला नाही. फरक पडला तो निकालात. एकदा डावाने हार, एकदा डावाने जीत आणि करंडक.

पुढच्याच वर्षी भारतीय संघ लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाला गेला. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला चौथा कसोटी सामना झाला. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. ब्रॅडमन २०१. उत्तरादाखल हजाऱ्यांनी ११६ धावा केल्या आणि दत्तू फडकर यांनी १२३. या दोघांनी डाव सावरला, तरी फॉलोऑन चुकला नाही. दुसऱ्या डावात लिंडवॉल यांचा मारा असा काही बरसला की भारताच्या सहा फलंदाजांना एकही धाव काढता आली नाही. एका टोकाला हजारे उभे होते. त्यांनी १४५ केल्या. हेमू अधिकारी यांनी ५१ धावा करून साथ दिली. भारत २७७ वर संपला आणि एक डाव १६ धावांनी हरला. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे पहिले भारतीय ठरले.

ब्रेबर्नची गोष्टच ॲडलेडला पुन्हा घडली. पण इथेही फडकर आणि अधिकारी ही दोन नावे पुसून चालत नाहीत. शतकामागे जो दुसरा उभा असतो, तो वृत्तपत्राच्या मथळ्यात येत नाही, एवढेच.

वर्षभराने, फेब्रुवारी १९४९ मध्ये, वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईच्या कसोटीत विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. भारताने त्याआधी एकही कसोटी जिंकली नव्हती. हजाऱ्यांनी १२२ काढल्या, रुसी मोदींनी ८६. खेळ थांबला तेव्हा भारत ८ बाद ३५५. सहा धावा कमी पडल्या. पहिला विजय दारात येऊन परत गेला.

कप्तानाचा काटेरी मुकुट

१९५१ साली हजारे भारताचे कप्तान झाले. त्यांच्या आयुष्यातला हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. इंग्लंडविरुद्धच्या त्या मालिकेत दिल्लीला त्यांनी नाबाद १६४ केल्या, मुंबईला १५५. दोन्ही सामने अनिर्णित. मग त्यांची बॅट थंडावली.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला पाचवा सामना झाला. विनू मंकड यांनी इंग्लंडचे ५५ धावांत ८ आणि ५३ धावांत ४ असे बारा बळी घेतले. पंकज रॉय यांनी १११ आणि पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० केल्या. भारताने एक डाव ८ धावांनी सामना जिंकला. कसोटी क्रिकेटमधला हा भारताचा पहिला विजय. कप्तान होते हजारे. त्यांच्या स्वतःच्या धावा होत्या वीस.

ज्याने ३०९ काढून सामना हरला, ११६ आणि १४५ काढून सामना हरला, तो वीस धावा काढून जिंकला. कप्तान म्हणून चौदा कसोटींत त्यांना मिळालेला हा एकुलता एक विजय. पाच सामने हरले, आठ बरोबरीत सुटले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात ते संघ घेऊन इंग्लंडला गेले. लीड्‌सच्या पहिल्या कसोटीत भारताची अवस्था ३ बाद ४२ असताना विजय मांजरेकर हा वीस वर्षांचा मुलगा कप्तानाच्या जोडीला होता. दोघांनी २२२ धावा जोडल्या. मांजरेकर १३३, हजारे ८९. या वेळी मोठी खेळी धाकट्याची होती आणि एक टोक धरून ठेवण्याचे काम थोरल्याने केले. दुसऱ्या डावात तेच मांजरेकर शून्यावर गेले. ते एकटेच नव्हेत, पहिले चारही फलंदाज शून्यावर गेले आणि फलकावर शून्यावर चार बाद असा आकडा लागला. नवख्या फ्रेड ट्रूमनने हाहाकार उडवला होता. हजाऱ्यांनी ५६ आणि फडकरांनी ६४ काढून थोडी लाज राखली. पुढे मँचेस्टरला तर एकाच दिवसात भारत ५८ आणि ८२ असा दोनदा गुंडाळला गेला. मालिका तीन शून्याने गेली.

मग १९५३ चा वेस्ट इंडीजचा दौरा. पाच सामन्यांत एक हार, चार बरोबरी. त्यानंतर कसोटीत हजारे दिसले नाहीत. नेतृत्वाच्या ओझ्याने एक थोर फलंदाज वाकला, असे त्यांच्या समकालीनांपैकी कितीतरी जणांचे मत होते. ते फार सावध झाले, धोका पत्करेनासे झाले, ही टीकाही झाली आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. जो वर्षानुवर्षे पडत्या डावाला खांदा देत आला, त्याच्या मनात एक भीती घर करते. मी गेलो की सारे गेले. या भीतीने बॅट सरळ राहते, पण पाय जमिनीला खिळतात. आणि कप्तानाला तर इतरांवर विसंबावेच लागते. कमकुवत साथीदारांनी हजाऱ्यांचे काय हिरावले असेल तर ते हेच. त्यांचा खेळ शाबूत राहिला. मोकळेपणा गेला.

तीस कसोटी, २१९२ धावा, सात शतके, ४७.६५ ची सरासरी, असा त्यांचा हिशेब आहे. १९६० साली त्यांना आणि जसू पटेल यांना पद्मश्री मिळाली. क्रिकेटपटूंना तो मान प्रथमच मिळत होता. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले. संथपणे, गाजावाजा न करता, जसे खेळले तसेच.

माझा हिशेब

नातवाला हे सारे सांगितल्यावर एक गोष्ट उरली होती. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

१९६८ च्या मे महिन्यात याच किनाऱ्यावर आमच्या वाडीचा अंतिम सामना होता. माझा थोरला भाऊ, म्हणजे या मुलाचा आजोबा, एका टोकाला खेळत होता. त्याच्यासारखा फलंदाज आमच्या पंचक्रोशीत नव्हता. शेवटची जोडी मैदानात होती आणि अकरा धावा हव्या होत्या. दुसऱ्या टोकाला मी. वय अठरा. मला फक्त उभे राहायचे होते. षटकाचे दोन चेंडू अडवायचे होते, पुढचे सारे भाऊ बघणार होता. विवेक हजारेची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. तरी माडांच्या सावलीत गर्दी ओरडत होती, आणि आपणही एकदा मारून दाखवावे असे मला वाटले. चेंडू उंच गेला आणि सरळ हातात विसावला.

भाऊ माझ्याशेजारून चालत घरी आला. एक शब्द बोलला नाही. त्या रात्री नाही, पुढे कधीच नाही. चार दिवसांनी तो बोटीने मुंबईला गेला आणि नोकरीच्या रगाड्यात त्याचे खेळणे सुटले. काही वर्षांपूर्वी तो वारला. माझ्या त्या एका फटक्याने त्याचा खेळ संपला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दुबळा साथीदार कोणाला म्हणतात, हे मला विचारावे. ज्याला मारता येत नाही तो दुबळा नव्हे. आपल्याकडून काय हवे आहे हे कळूनही जो ते करत नाही, तो दुबळा. आणि कळले नसेल, तर ते सांगायचे काम कप्तानाचे.

नातवाला मी म्हटले, त्या संघात जायचे तर खुशाल जा. हजारेही महाराष्ट्र सोडून बडोद्याला गेले होते, त्यात पाप नाही. चांगल्या साथीदारांबरोबर करंडक मिळेल. पण धावा वाढतील अशी आशा धरू नकोस, त्या तुझ्या तुलाच काढायच्या आहेत. आणि जाण्याआधी एकदा तुझ्या अकराव्या पोराला विचार, की त्याने नेमके काय करावे हे त्याला कोणी कधी सांगितले होते का.

तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने मला एवढेच विचारले, की त्या दिवशी मैदानात उतरताना आजोबाने मला काही सांगितले होते का.

मी आठवून पाहिले. सत्तावन्न अठ्ठावन्न वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. भाऊ काही बोलला नव्हता. तो अबोल होता, आणि मला सारे ठाऊक आहे असे त्याने धरले असावे.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी किनाऱ्यावर गेलो तेव्हा सराव चालला होता. आमच्या शेजारचा एक किरकोळ पोरगा, जो नेहमी शेवटी येतो आणि पहिल्या चेंडूवर जातो, तो बॅट घेऊन उभा होता. नातू त्याला चेंडूमागून चेंडू टाकत होता आणि फटका मारला की ओरडत होता. पोरगा हळूहळू चेंडू पायाशी मारायला लागला. पाणी चढेपर्यंत ते दोघे तिथेच होते. दुसऱ्या संघाचे काय ठरले, ते मी अजून विचारलेले नाही.